भूल चढली नाही तर?

पेण किंवा रोह्याच्या एखाद्या रुग्णालयात शस्त्रक्रियेचा दिवस ठरला, की रुग्ण आणि घरची मंडळी डॉक्टरांना बरेच प्रश्न विचारतात. त्यांत एक प्रश्न हमखास असतो. "कमरेत सुई देऊन भूल देणार म्हणता, पण ती पुरती चढली नाही तर?" हर्नियाचा शेतकरी असो, बाळंतपणासाठी आलेली सून असो, की मांडीचे हाड मोडलेली आजी असो, प्रश्न तोच. काही जण आणखी एक गोष्ट हळूच सांगतात. "मला दोनदा विंचू चावलाय. त्याने काही फरक पडतो का?"

हे प्रश्न अडाणीपणाचे नाहीत. पहिल्या प्रश्नाला पावणेदोनशे वर्षांहून मोठा इतिहास आहे. दुसऱ्या प्रश्नावर भारतातल्या भूलतज्ज्ञांनी अलीकडे लिहिले आहे, आणि त्याचा संबंध रायगड जिल्ह्याच्या मातीतल्या एका प्राण्याशी आहे. हे दोन्ही धागे या लेखात आपण एकत्र पाहू या.

पहिलाच प्रयोग फसला

शस्त्रक्रिया वेदनारहित करता येते हे जगाला पटले ते १६ ऑक्टोबर १८४६ रोजी. त्या दिवशी अमेरिकेत बोस्टनच्या रुग्णालयात विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने ईथरची वाफ देऊन रुग्णाला बेशुद्ध केले. ही बातमी जहाजांबरोबर जगभर गेली. २२ मार्च १८४७ रोजी कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेज रुग्णालयात ईथर वापरले गेले, म्हणजे अवघ्या पाच महिन्यांत ही विद्या भारतात पोचली.

मॉर्टनच्या आधी दीडेक वर्ष, जानेवारी १८४५ मध्ये, त्याच बोस्टनमध्ये होरेस वेल्स या दुसऱ्या दंतवैद्याने असाच प्रयोग करून दाखवला होता. त्याने नायट्रस ऑक्साइड, म्हणजे हसवणारा वायू, वापरला. रुग्णाचा दात ओढताना रुग्ण ओरडला आणि जमलेल्या विद्यार्थ्यांनी 'फसवणूक, फसवणूक' असा गलका केला. पुढे रुग्णाने सांगितले, की आपल्याला फारसे दुखले नव्हते. पण ते ऐकायला कोणी थांबले नाही. वेल्स खचला आणि त्याची कल्पना मागे पडली.

या घटनेत आपल्या विषयाचे दोन पैलू आहेत. एक, भूल ही विजेच्या बटनासारखी चालू किंवा बंद एवढीच नसते; ती कमी-जास्त प्रमाणात चढते. दोन, ती किती चढली हे बाहेरून पाहणाऱ्याला आणि खुद्द रुग्णाला वेगवेगळे वाटू शकते.

सगळे शरीर कशाला?

ईथर आणि क्लोरोफॉर्म मेंदूलाच झोपवत. पायाच्या अंगठ्यावर शस्त्रक्रिया करायची तरी सगळा माणूस बेशुद्ध करावा लागे. श्वास अडकण्याची आणि हृदय थांबण्याची भीती असे. ज्या भागावर काम करायचे तेवढाच भाग बधिर करता आला तर?

याचे उत्तर दक्षिण अमेरिकेतल्या कोका या झुडपाच्या पानांत मिळाले. पाने चघळली की जीभ बधिर होते हे तिथल्या लोकांना शतकानुशतके माहीत होते. १८८४ साली व्हिएन्नातल्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टरने त्या पानांतले कोकेन डोळ्यात थेंबभर टाकले, आणि डोळा उघडा व रुग्ण शुद्धीवर असताना डोळ्याची शस्त्रक्रिया करता येऊ लागली. आपल्याकडे दाढ दुखली की लवंग धरतात. तिच्यातले युजेनॉल हे द्रव्यही अशाच प्रकारे चेतातंतूंवर काम करते, मात्र फार सौम्यपणे.

पुढचे पाऊल होते ते शरीराच्या मुख्य 'केबल'पर्यंत, म्हणजे मज्जारज्जूपर्यंत, पोचण्याचे. पाठीच्या कण्यातील पोकळीत मज्जारज्जू असतो. त्याच्याभोवती पाण्यासारखा पातळ द्रव असतो आणि हे सगळे एका चिवट पिशवीत गुंडाळलेले असते. प्रौढ माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली पिशवीत फक्त चेतांचा झुबका असतो, घोड्याच्या शेपटीसारखा. म्हणून कमरेच्या खालच्या भागात सुई घातली तर मज्जारज्जूला इजा होण्याचा धोका टळतो.

१६ ऑगस्ट १८९८ रोजी जर्मनीतल्या कील शहरात ऑगस्ट बिअर या शल्यचिकित्सकाने घोट्याच्या क्षयाने आजारी असलेल्या ३४ वर्षांच्या एका मजुराला या द्रवात कोकेन टोचून शस्त्रक्रिया केली. मग, नेमके काय होते ते कळावे म्हणून, २४ ऑगस्टला बिअर आणि त्याचा सहायक हिल्डेब्रांट यांनी एकमेकांवरच प्रयोग करायचे ठरवले. पहिली पाळी बिअरची. हिल्डेब्रांटने सुई बरोबर जागी घातली, पण पिचकारी सुईच्या तोंडावर घट्ट बसेना. कोकेन बाहेर सांडले आणि पाठीतला बराच द्रव वाहून गेला. भूल काही चढली नाही. या पद्धतीच्या इतिहासातले हे अगदी सुरुवातीचे अपयश, आणि त्याचे कारण होते एक न जुळणारी पिचकारी!

मग हिल्डेब्रांटची पाळी. या वेळी सगळे जुळले. नडगीवर लोखंडी हातोड्याचा घाव घातला तरी त्याला दुखले नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र दोघेही आजारी पडले. बिअर उठून बसला की डोके ठणके, आणि आडवा झाला की थांबे. पाठीतला द्रव सुईच्या भोकातून झिरपल्यामुळे हे होते, हे त्याने तेव्हाच ओळखले.

पिशवीच्या बाहेर

पिशवीला भोक न पाडता भूल देता येईल का? कण्याची हाडे आणि ही पिशवी यांच्यामध्ये एक अरुंद पोकळी असते. तिच्यात चरबी आणि बारीक शिरा असतात, आणि तिच्यातूनच चेता बाहेर पडतात. या पोकळीत औषध सोडले तर ते चेतांना वाटेत गाठते. हीच एपिड्युरल भूल. १९०१ साली पॅरिसमध्ये सिकार आणि कातलँ या दोघांनी स्वतंत्रपणे माकडहाडाच्या बाजूने या पोकळीत औषध सोडले. १९२१ साली स्पेनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक फिदेल पाजेस याने कमरेच्या मणक्यांमधून या पोकळीत पोचून केलेल्या ४३ शस्त्रक्रियांचा अहवाल लिहिला. दोन वर्षांनी तो मोटार अपघातात गेला. त्याचा लेख स्पॅनिश भाषेत होता, त्यामुळे बाहेर फारसा कोणी वाचला नाही.

दहा वर्षांनी, १९३१ साली, इटलीच्या दोलिओत्ती याने तीच गोष्ट स्वतंत्रपणे मांडली. पोकळी सापडली हे ओळखण्याची त्याने सांगितलेली खूण आजही वापरतात. सुई पाठीतल्या चिवट बंधातून जात असताना पिचकारीचा दट्ट्या दाबला जात नाही. सुईचे टोक पोकळीत शिरले की दट्ट्या एकदम सहज आत जातो. म्हणजे ही जागा डोळ्यांनी दिसत नाही, ती बोटांना कळते. १९४७ साली क्यूबातील मार्तिनेस कुर्बेलो याने वाकड्या टोकाच्या सुईतून बारीक नळी या पोकळीत सोडली, आणि लांबलेल्या शस्त्रक्रियेत नळीतून पुन्हा पुन्हा औषध देण्याची सोय झाली.

औषधेही सुधारत गेली. कोकेन विषारी आणि व्यसन लावणारे. त्याऐवजी १९४३ साली स्वीडनमध्ये लिग्नोकेन आणि १९५७ साली तिथेच बुपिव्हाकेन तयार झाले. आज आपल्या तालुक्याच्या रुग्णालयांत हीच दोन नावे ऐकू येतात.

नवी पद्धत निघाली की जुनी लगेच जाते असे मात्र नाही. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात येरवडा तुरुंगातून आणलेल्या गांधीजींच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया कर्नल मॅडॉक यांनी केली, ती क्लोरोफॉर्म देऊन. मध्येच वीज गेली आणि काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. बिअरच्या प्रयोगाला तेव्हा २५ वर्षे होऊन गेली होती. पुढे १९४७ साली इंग्लंडमध्ये एकाच रुग्णालयात एकाच दिवशी पाठीतून भूल दिलेल्या दोन रुग्णांचे पाय कायमचे लुळे पडले, तेव्हा तिथे या पद्धतीची धास्ती कित्येक वर्षे टिकली.

भूल हुकते कशी?

पिशवीच्या आत औषध देतात ती स्पायनल, आणि पिशवीच्या बाहेर देतात ती एपिड्युरल. बोलताना लोक दोन्हींना 'कमरेची भूल' म्हणतात, पण दोन्हींचे हुकणे वेगवेगळे असते.

स्पायनलमध्ये औषध लागते जेमतेम दोन-तीन मिलिलिटर. ते थेट द्रवात मिसळते आणि पाच-दहा मिनिटांत परिणाम दिसतो. सुईचे टोक अर्धे आत, अर्धे बाहेर राहिले, तर काही औषध वाया जाते. औषध आत पोचले तरी ते कुठे पसरेल हा प्रश्न उरतो. इथे साधे पदार्थविज्ञान कामाला येते. औषधात साखर मिसळून ते पाठीतल्या द्रवापेक्षा जड करतात. जड द्रव उताराच्या दिशेने वाहतो. म्हणून सुई दिल्यावर रुग्णाला उताणे झोपवतात, कधी एका कुशीवर ठेवतात, कधी टेबल थोडे कलते करतात. १९०७ साली लंडनमध्ये आर्थर बार्कर याने कण्याच्या आकाराची काचेची नळी बनवून हे वाहणे डोळ्यांनी दाखवले होते. लेखाच्या शेवटी तोच प्रयोग वर्गात कसा करता येईल ते दिले आहे.

एपिड्युरलमध्ये औषध जास्त लागते, साधारण पंधरा-वीस मिलिलिटर, आणि परिणामालाही पंधरा-वीस मिनिटे लागतात. ही पोकळी सलग नळीसारखी नसते. चरबी आणि पडद्यांमुळे औषध एकीकडे पोचते, दुसरीकडे नाही. मग एक पाय बधिर आणि दुसरा जागा, किंवा पोटावरचा एखादा पट्टाच जागा, असे होते. कमरेखालच्या काही चेता जाड असतात, त्यांत औषध मुरायला वेळ लागतो. नळी जागेवरून सरकू शकते. अमेरिकेत १९ हजारांहून अधिक बाळंतपणांचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात पाठीतून दिलेली भूल सुमारे १२ टक्के वेळा सुरुवातीला अपुरी किंवा सदोष ठरली होती. त्यांतल्या बहुतेक वेळी नळी थोडी सरकवून किंवा पुन्हा सुई देऊन काम भागले.

रसायनशास्त्राचेही कारण असते. चेतातंतूच्या आवरणातून आत शिरायला औषधाचा रेणू विद्युतभार नसलेला असावा लागतो. जिथे पू झालेला असतो तिथे ऊती आम्लधर्मी होतात, रेणूंवर भार येतो आणि ते बाहेरच अडकतात. सुजलेल्या, पू झालेल्या दाढेला इंजेक्शन नीट लागत नाही ते यामुळेच.

आणखी एक गोष्ट रुग्णांना आधी सांगायला हवी. भूल चांगली चढलेली असतानाही ओढल्याची, ढकलल्याची, दाबल्याची जाणीव राहू शकते. चेतातंतू सगळे सारखे नसतात. बारीक तंतू लवकर बंद होतात, जाड तंतू उशिरा. त्यामुळे थंड-गरम कळणे आधी जाते, टोचल्याची वेदना त्यानंतर, आणि साधा स्पर्श सर्वांत शेवटी. म्हणून स्पिरिटचा बोळा लावून 'गार लागते का' एवढेच विचारणे पुरेसे नसते. गार लागत नाही तिथेही स्पर्श कळत असू शकतो.

लाल विंचू आणि महाडचे डॉक्टर

आता रुग्णाच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. पेणहून नागोठणे, कोलाड, माणगाव करत महामार्गाने दक्षिणेला गेले की महाड लागते. जिल्हा तोच, रायगड. १९८१ पूर्वी त्याचे नाव कुलाबा होते. या पट्ट्यात जांभ्याच्या दगडात, बांधांच्या फटीत, गवताच्या गंजीत लाल विंचू राहतो. भातकापणीच्या दिवसांत हात-पाय तिथे जातात आणि दंश होतो. काळी मोठी इंगळी दिसायला भयंकर, पण जीव घेतो तो हा लहान लाल विंचू.

१९७६ साली डॉ. हिम्मतराव बावस्कर महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा विंचूदंशाने गंभीर झालेले रुग्ण मोठ्या प्रमाणात दगावत. रुग्णांच्या उशाशी बसून, रात्र-रात्र नाडी, रक्तदाब आणि श्वास यांच्या नोंदी ठेवून त्यांनी दाखवले, की मृत्यू येतो तो हृदयावर ताण येऊन फुप्फुसांत पाणी भरल्याने. उलटी, दरदरून घाम आणि गार पडलेले हात-पाय ही धोक्याची आधीची लक्षणे. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे स्वस्त औषध त्यांनी यासाठी वापरले. १९८६ साली 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय साप्ताहिकात त्यावरचा लेख आला. मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास उतरले. २०११ साली प्राझोसिनबरोबर विंचवाची प्रतिलस दिल्यास रुग्ण आणखी लवकर सुधारतात हे महाडमधल्याच एका चाचणीत दिसले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

हे विष करते काय? आपल्या चेतातंतूंच्या आवरणात सोडियम आयनांसाठी सूक्ष्म दारे असतात. दार उघडले की सोडियम आत घुसतो आणि संदेश पुढे सरकतो. क्षणार्धात दार मिटते. १९५२ साली हॉजकिन आणि हक्सली यांनी माकूळवर्गीय प्राण्याच्या जाड चेतातंतूवर प्रयोग करून हे गणितासह मांडले. विंचवाच्या विषातले काही घटक या सोडियमच्या दाराला बाहेरून चिकटतात आणि ते मिटू देत नाहीत. संदेश सुटतच राहतात. म्हणून तो आगीसारखा दाह, तो घाम, ती हृदयाची धडधड. याच लाल विंचवाच्या विषातला आयबेरियोटॉक्सिन हा घटक पोटॅशियमची काही दारे बंद करतो, आणि जगभरच्या प्रयोगशाळा तो साधन म्हणून वापरतात.

लिग्नोकेन आणि बुपिव्हाकेन कुठे काम करतात? त्याच सोडियमच्या दारावर! ते आतल्या बाजूने शिरून दार अडवतात. म्हणजे विष दार मिटू देत नाही, आणि भुलीचे औषध ते बंद करू पाहते.

योगायोग की कारण?

२०१२ साली 'इंडियन जर्नल ऑफ ॲनेस्थेशिया' या नियतकालिकात एका रुग्णाची हकिगत आली. त्याला पूर्वी विंचू चावलेला होता, आणि त्याला दिलेली स्थानिक भूल अपेक्षेप्रमाणे लागली नाही. विंचूदंशामुळे शरीर या औषधांना दाद देईनासे होते का, असा प्रश्न लेखकांनी विचारला. त्यानंतर भारतात विंचू चावलेल्या आणि न चावलेल्या रुग्णांची तुलना करणारे काही छोटे अभ्यास झाले. चावलेल्यांत भूल उशिरा चढली किंवा अपुरी पडली असे त्यांत नोंदले आहे.

दार एकच, म्हणून संबंध असणारच, असे म्हणण्याचा मोह होतो. इथेच थांबून विचार करायला हवा, आणि वरच्या वर्गांतल्या विद्यार्थ्यांशी चर्चा करायला ही जागा उत्तम आहे.

पहिली अडचण काळाची. विष शरीरातून काही दिवसांत निघून जाते. मग काही महिन्यांपूर्वीच्या किंवा वर्षांपूर्वीच्या दंशाचा परिणाम आज कसा होईल? दंशानंतर शरीरात प्रतिपिंडे तयार होऊन ती दारापाशी अडथळा करत असावीत, किंवा दारांची रचनाच थोडी बदलत असावी, असे तर्क मांडले गेले. ते तर्क आहेत, प्रयोगाने सिद्ध झालेले नाहीत.

दुसरी अडचण मोजण्याची. समजा, एका तालुक्यात १००० जणांना कमरेतून भूल दिली. त्यांतल्या ३०० जणांना कधी ना कधी विंचू चावलेला आहे. आता असे धरू, की विंचवाचा भुलीशी काहीही संबंध नाही, आणि दर १०० पैकी २ जणांत भूल इतर कारणांनी अपुरी पडते. म्हणजे एकूण २० जणांत भूल हुकली. त्यांपैकी सरासरी ६ जण विंचू चावलेले निघणारच! भूल हुकल्यावर डॉक्टरांनी विचारले, "विंचू चावला होता का?" सहा जण हो म्हणाले. बातमी गावभर झाली. पण विंचू चावूनही ज्या २९४ जणांना भूल व्यवस्थित चढली, त्यांना कोणी विचारलेच नाही. तेव्हा चार गट मोजावे लागतात: चावला आणि चढली, चावला आणि हुकली, न चावता चढली, न चावता हुकली. शिवाय भूल किती चढली ते तपासणाऱ्याला रुग्णाला विंचू चावला होता की नाही हे माहीत असता कामा नये, नाहीतर नकळत कल होतो. दंश एकदा झाला की अनेकदा, लाल विंचवाचा की काळ्याचा, किती वर्षांपूर्वी, हेही नोंदवावे लागेल. असा मोठा, काटेकोर अभ्यास झाल्याशिवाय होकार किंवा नकार देता येत नाही.

असा अभ्यास कोकणाला करता येण्याजोगा आहे. पेण आणि रोहा या दोन्ही ठिकाणी उपजिल्हा रुग्णालये आहेत, आसपास भातशेती आहे, आणि विंचूदंशाची आठवण घरोघरी आहे. बावस्करांनी जे केले त्याची सुरुवातही तालुक्याच्या ठिकाणच्या नोंदवहीपासूनच झाली होती.

मग रुग्णाने काय करावे?

विंचू चावला होता हे सांगावे. सांगण्याने तोटा काहीच नाही. भूलतज्ज्ञ थोडा जास्त वेळ थांबून तपासेल आणि दुसरा मार्ग तयार ठेवेल. पूर्वी दातासाठी किंवा टाके घालताना इंजेक्शन लागले नव्हते का, हेही सांगावे. पण विंचू चावला म्हणून शस्त्रक्रिया टाळू नये. मांत्रिकाकडून विंचू 'उतरवून' घेण्यात जसा वेळ जायचा आणि जीव जायचा, तसेच ते होईल.

भूल अपुरी पडली तर डॉक्टरांच्या हातात बरेच उपाय असतात. चीर देण्याआधी कळले तर वाट पाहणे, रुग्णाची स्थिती बदलणे, नळीतून आणखी औषध देणे, सुई पुन्हा देणे. मध्येच कळले तर हात थांबवणे, शिरेतून वेदनाशामक देणे आणि गरज पडली तर पूर्ण भूल देणे. म्हणून कमरेची भूल देतानाही पूर्ण भुलीची तयारी आणि ती देणारा तज्ज्ञ शेवटपर्यंत हजर असावा लागतो. लहान गावांत भूलतज्ज्ञ बाहेरून बोलावून आणतात. तो सुई देऊन पुढच्या रुग्णालयात निघून जाणार नाही ना, हे नातेवाइकांनी विचारणे योग्यच आहे.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा रुग्णाच्या शब्दाचा. सिझेरियनच्या वेळी 'दुखतंय' म्हणणाऱ्या बाईला 'घाबरलीस म्हणून तसं वाटतंय, जरा सोस' असे सांगितले गेल्याच्या तक्रारी जगभर आहेत. २०२२ साली ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांनी यासाठी खास मार्गदर्शिका काढली. शस्त्रक्रियेआधी नुसते गार लागणे नव्हे, तर हलका स्पर्शही तपासावा, आणि बाई दुखते म्हणाली तर ते खरे मानून उपाय करावा, असे त्यात सांगितले आहे. कमरेच्या भुलीत माणूस जागा असतो आणि बोलू शकतो, हाच तिचा मोठा फायदा. क्लोरोफॉर्मखालचा रुग्ण काही सांगू शकत नसे. बोलू शकणाऱ्याचे ऐकलेच नाही, तर तो फायदा वाया गेला.

पेण-रोह्याच्या शाळांतल्या शिक्षकांना गावात मान असतो. शस्त्रक्रियेला निघालेला पालक कधी कधी डॉक्टरांच्या आधी गुरुजींना किंवा बाईंना विचारतो. त्याला एवढे सांगता येईल: ओढल्यासारखे, दाबल्यासारखे वाटेल, त्याला घाबरू नका. पण दुखले तर लगेच आणि स्पष्ट सांगा, आणि डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा की दुखले तर तुम्ही काय कराल.

वर्गात करून पाहा

१. गवंडी पातळी पाहायला वापरतात ती पारदर्शक लेव्हल-नळी, साधारण दीड मीटर, घ्या. फळ्यावर किंवा पुठ्ठ्यावर ती इंग्रजी डब्ल्यू अक्षराच्या आकारात बांधा. मधला उंचवटा म्हणजे उताण्या झोपलेल्या माणसाच्या कमरेची कमान. दोन्ही खोलगट भाग म्हणजे पाठ आणि माकडहाडाची बाजू. नळी पाण्याने भरा, मध्ये हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. शाई टाकलेला साखरेचा दाट पाक नव्या पिचकारीत घेऊन शिक्षकांनी स्वतः मधल्या उंचवट्यावर सुईने हळू आत सोडावा. पाक दोन्ही बाजूंच्या खोलगट भागांकडे वाहतो. नळी धुऊन आता साखर नसलेले शाईचे पाणी सोडा. ते तिथेच रेंगाळते आणि हळूहळू मिसळते. मग एक बाजू उचलून पाक पुन्हा सोडा आणि काय होते ते विद्यार्थ्यांकडून आधी वहीत लिहून घ्या.

२. जिभेच्या टोकावर लवंग दोन-तीन मिनिटे धरा. मग चमच्याची गार बाजू, कापसाचा स्पर्श आणि साखरेची चव यांपैकी काय आधी कमी जाणवते याची प्रत्येकाने नोंद करावी. साऱ्या वर्गाचा तक्ता करा. सगळ्यांची उत्तरे सारखी येणार नाहीत. ती सारखी का आली नाहीत, यावर पुढचा तास घेता येईल.